एकच बोर्ड, रोज वेगळा बर्फ: नाशिकहून फ्रीराइड स्नोबोर्ड घेऊन निघताना

आमच्या घरात दोन इस्त्र्या आहेत. एक कपड्यांची आणि दुसरी, आईच्या शब्दांत, "त्या फळीची". फळी म्हणजे माझा स्नोबोर्ड. १५९ सेंटिमीटर लांबीची ही फळी वर्षातले साडेअकरा महिने गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे उभी असते आणि उरलेले पंधरा दिवस काश्मीरमध्ये. पहिल्या वर्षी मी घरच्याच इस्त्रीने बोर्डाला मेण लावलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मेणाचा पिवळट नकाशा उमटला. तेव्हापासून दुसरी इस्त्री आली.

मी सातपूरला एका टूलरूममध्ये काम करतो. बर्फाशी ओळख तिशीनंतर झाली. पहिल्यांदा मनमाडहून झेलम पकडून जम्मूला आणि तिथून गाडीने वर गेलो. बोर्ड भाड्याचा होता आणि पहिले तीन दिवस माझा जास्त वेळ बसण्यातच गेला. आता ट्रेकर मंडळींपैकी कोणी ना कोणी दरवर्षी विचारतं, "पावडरला, म्हणजे ताज्या मऊ बर्फाला वेगळा आणि कडक बर्फाला वेगळा बोर्ड लागतो का रे?" डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याने खुशाल चार बोर्ड ठेवावेत. वर्षाला दहा दिवस जाणाऱ्या माणसाला एक बरा फ्रीराइड बोर्ड पुरतो. पण त्या दहा दिवसांत तुम्हाला सहा-सात प्रकारचा बर्फ भेटतो आणि प्रत्येक प्रकारात तोच बोर्ड वेगळा वागतो. तो कसा वागेल हे आधी ठाऊक असेल तर निम्म्या पडापडी वाचतात.

आधी बोर्ड जमिनीवर ठेवून नीट बघा

फ्रीराइड म्हणजे आखलेल्या, तासलेल्या उताराबाहेर, डोंगर जसा आहे तसा उतरण्यासाठी केलेला बोर्ड. तो ओळखायला माहितीपत्रक लागत नाही. सपाट फरशीवर ठेवा आणि टेप घ्या.

नाकाकडची रुंदी शेपटीपेक्षा जास्त दिसेल, साधारण ८ ते १५ मिलिमीटरने. याला टेपर म्हणतात. मऊ बर्फात शेपूट खाली बसते आणि नाक आपोआप वर राहतं, ते यामुळे. मग बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधणारे पट्टे, बसवायची भोकं बघा. ती बरोबर मध्यावर नसून २०-३० मिलिमीटर मागे असतात. हा सेटबॅक. नाकाचा भाग जमिनीपासून लवकर उचललेला असतो, तो रॉकर. आणि दोन पायांच्या मधल्या भागात बोर्ड कमानीसारखा वर उचललेला असेल, इतका की खालून पोस्टकार्ड सरकावं. तो कॅम्बर. ट्रकचे पाटे आठवा. वजन पडलं की कमान दबते आणि दाब धारेच्या सगळ्या लांबीवर वाटला जातो.

म्हणजे एकाच फळीत दोन स्वभाव आहेत. रॉकर, टेपर आणि सेटबॅक मऊ बर्फासाठी. कॅम्बर, लांब धार आणि ताठपणा कडक बर्फासाठी. दोन्हीकडे थोडी तडजोड आहेच. निव्वळ पावडरसाठी केलेला रुंद बोर्ड खोल बर्फात याच्यापेक्षा छान तरंगतो आणि शर्यतीचा बोर्ड निसरड्या कडक बर्फावर याच्यापेक्षा घट्ट धरतो. उड्या, रेलिंगवर घसरणं, उलटं चालवणं ही कामंही याची नाहीत.

माप घेताना उंचीपेक्षा वजन बघा. प्रत्येक बोर्डासोबत वजनाचा तक्ता असतो, तो पाळा. दुसरी गोष्ट रुंदी. बूट बांधल्यावर टाच आणि बोटं दोन्हीकडे एखाद-दीड सेंटिमीटर बाहेर आली तर चालतं. त्याहून जास्त आली तर कडक उतारावर बोर्ड कलवताच बूट बर्फाला घासतो आणि धार सुटते. दहा नंबरच्या पुढचा पाय असेल तर रुंद बोर्डच घ्या.

नाशिकमध्येच उरकायची कामं

*धार.* इथे मी थोडा रेंगाळणार, कारण हा माझा रोजचा धंदा आहे. बोर्डाच्या कडेला पोलादी पट्टी असते. तिचा तळाकडचा कोन साधारण १ अंश आणि बाजूचा ८९ किंवा ८८ अंश ठेवतात. त्यासाठी गाईड मिळतो, म्हणजे कानस ठरावीक कोनात धरून ठेवणारा ठोकळा. आधी मार्करने धार काळी करा, गाईड टेकवून बारीक दातांची कानस नाकाकडून शेपटीकडे एकाच दिशेने हलक्या हाताने ओढा. दोन-तीन हातांत काळं सगळीकडून सारखं निघालं तर कोन बसला. अर्धंच निघालं तर गाईड वाकडा धरलाय. मागे बर, म्हणजे धातूची बारीक कुसं राहतात, ती डायमंड स्टोनने काढा. मग अंगठ्याचं नख धारेवर आडवं हलकं ओढा. नखाचा पांढरा कीस निघाला की धार तयार. नाक आणि शेपटीच्या वळणावर, जिथे बोर्ड जमिनीला टेकत नाही, तिथली धार मात्र मुद्दाम बोथट करा, नाहीतर मऊ बर्फात ती नको तिथे अडकते.

ग्राइंडरला कधीच देऊ नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने घाईत वर्कशॉपमध्ये बेंच ग्राइंडरवर धार मारून आणली. कड निळी पडली होती. पोलाद निळं पडलं म्हणजे त्याचं पाणी उतरलं, हे टूलरूममधल्या पोरालाही कळतं. ती धार गुलमर्गला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकली नाही.

*मेण.* बोर्डाचा तळ पॉलिथिनचा असतो आणि १३० अंशांच्या आसपास वितळायला लागतो, म्हणून इस्त्री एका जागी थांबवायची नाही. वाफेची भोकं नसलेली, जाड तळाची इस्त्री बघा. जुन्या बाजारात मिळते. बाइंडिंग आधी काढून ठेवा. मेण इस्त्रीला टेकवून थेंब-थेंब तळावर पाडा आणि मग इस्त्री हळूहळू पुढे नेत राहा. धूर दिसला तर तापमान जास्त आहे. बोर्डाची वरची बाजू हाताला कोमट लागली की थांबा. गार व्हायला तासभर द्या, डिसेंबरात रात्री गच्चीवर ठेवला तर उत्तमच. नंतर प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने मेण तासून काढा, अगदी सगळं निघाल्यासारखं वाटेपर्यंत, आणि नायलॉनच्या ब्रशने घासा. लोक इथेच चुकतात. त्यांना वाटतं, जाड थर म्हणजे जास्त वेग. उलट आहे. कामाचं मेण तळाच्या आत मुरलेलं असतं, वरचा थर फक्त बर्फाला चिकटतो.

मेणाच्या वडीवर तापमान छापलेलं असतं. जानेवारीसाठी कडक मेण, मार्चसाठी शून्याच्या आसपासचं मऊ मेण. दोन्ही वड्या बरोबर असू द्या. मेणबत्ती चालते का, हा प्रश्न हमखास येतो. चालते, पण अर्धा तास. नंतर कडक थंडीत ती ब्रेकसारखी वागते.

*स्क्रू.* बाइंडिंगचे स्क्रू एम-६ मापाचे असतात, एका पायाला चार. त्यांच्या डोक्यावरची खाच साध्या चौफुलीसारखी दिसते, पण असते पॉझिड्राइव्ह, तीन नंबरची. साधा चौफुली पेचकस लावून जोर दिलात की खाच गोल होते आणि शून्याखाली दहा अंशांत, उघड्या बोटांनी, तो स्क्रू काढणं म्हणजे शिक्षा आहे. तीन नंबरचा पॉझिड्राइव्ह बिट साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो जाकिटाच्या खिशात असला पाहिजे आणि रोज सकाळी सगळे आठ स्क्रू तपासले पाहिजेत.

*कोन आणि पाय.* पाय बोर्डाला बरोबर आडवा असेल तर शून्य अंश. पुढचा पाय साधारण १८ अंश नाकाकडे वळवलेला, मागचा शून्य ते ६ अंश. फ्रीराइडला ही ठेवण मला बरी वाटते. गुडघ्याला त्रास होत असेल तर मागचा पाय थोडा उलट्या दिशेला वळवा, त्यात कमीपणा नाही. पायांच्या तयारीसाठी पांडवलेणी पुरे. चढताना दम लागतो, पण बोर्डाला लागणारी मांडी उतरताना घडते. पायऱ्या सावकाश, गुडघे वाकवून उतरा. घरी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर फळी टाकून तोल साधा. आधी भिंतीजवळ करा, मी टीव्हीच्या स्टँडवर पडलो होतो.

बर्फ हाताने वाचा

मराठीत आपल्याकडे बर्फाला बर्फच. मासळीखालचा, उसाच्या रसातला, हिमालयातला, सगळा एकच. त्यामुळे वर गेल्यावर आपण पांढरं दिसलं की बोर्डावर उभे राहतो. दुसऱ्या वर्षी एका काश्मिरी गाइडने मला हातमोजा काढायला लावला. "साब, पहले हाथ डालो, फिर पाँव." त्याने स्वतः मूठ बर्फात दाबली, ती सहज आत गेली. चार पावलं पुढे, उताराच्या उंचवट्यावर मूठ अडली, चार बोटंही अडली, एकच बोट आत गेलं. तिथून दहा फुटांवर बोटही जाईना, पेन्सिल लागली. एकाच उतारावर, पंधरा-वीस फुटांत, तीन वेगळे बर्फ.

ही पद्धत जगभर वापरतात. मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, सुरी. जे सहज आत जाईल तेवढा बर्फ मऊ. ताज्या पडलेल्या कोरड्या बर्फाच्या घनमीटरचं वजन ५० ते १०० किलो असतं, वाऱ्याने दाबलेल्याचं ३००-४०० किलोपर्यंत जातं आणि निव्वळ गोठलेल्या पाण्याचं ९१७ किलो. मी मात्र स्वयंपाकघराच्या भाषेत लक्षात ठेवतो. पिठीसाखर, रवा, चिरोटा, साबुदाणा, गोळ्याचा बर्फ, खडीसाखर. मुठीत घेऊन दाबा. पिठीसाखर हातातून निसटते, रव्याचा लाडू जेमतेम वळतो, गोळ्याच्या बर्फातून पाणी गळतं.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्लई कलान. मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांनी बर्फ पडतो. आला तर दोन दिवसांत कमरेएवढा, नाही आला तर नाहीच. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं उघडी पडली होती. त्यामुळे तिकीट आधी काढलं तरी बेत सैल ठेवा.

पिठीसाखर: ताजा, खोल, कोरडा बर्फ

याच्यासाठीच माणूस जातो. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथल्या गोंडोल्याचा, म्हणजे दोरावरून वर नेणाऱ्या केबिनगाडीचा, पहिला टप्पा १९९८ चा, कोंगदूरीपर्यंत. दुसरा २००५ चा, अफरवत डोंगराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. आपल्या जिल्ह्यातला साल्हेर १,५६७ मीटर. म्हणजे अडीच साल्हेर एकावर एक. उतरल्या उतरल्या बोर्ड बांधू नका, दहा मिनिटं श्वास घ्या, पाणी प्या.

रात्री फूटभर पडला असेल तर सकाळीच दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागे घ्या. भोकांमधलं अंतर बहुधा २० मिलिमीटर असतं. पाच मिनिटांचं हे काम दिवसभर मागची मांडी वाचवतं.

जुने लोक सांगतात, मागे झुका. तितकं झुकू नका. फ्रीराइड बोर्डाचं नाक मुळातच वर राहायला केलेलं आहे. वजन मागच्या पायावर जरासं जास्त, गुडघे मऊ, एवढं पुरतं. सगळं वजन मागे टाकलं तर वळणाची सूत्रं पुढच्या पायाकडून निघून जातात आणि अर्ध्या तासात मांडी पेटते. वळण मोठं घ्या, घाई नको. धार रुतवायची नाही, संपूर्ण तळ बर्फावर टेकवून कलवायचा. होडी वळते तसा बोर्ड थोडा उशिरा वळतो, त्याची वाट बघा.

आणि वेग सोडू नका. मऊ बर्फात तरंगणं वेगावर चालतं. कोंगदूरीजवळ सपाटी येते, तिथे घाबरून थांबलात की कमरेपर्यंत रुतून बोर्ड खांद्यावर घ्यावा लागतो. सपाटी दिसली की आधीच सरळ खाली जाऊन वेग जमवा. पडलात तर हात टेकवून उठता येत नाही, हात खांद्यापर्यंत आत जातो. पाठीवर लोळा, बोर्ड हवेत उचलून उताराच्या खालच्या बाजूला आणा, मग पोटावर वळून चवड्याच्या धारेवर, मुठी दाबत उठा.

झाडांत शिरायचा मोह आवरा, निदान एकट्याने. मोठ्या बर्फानंतर फरच्या झाडाखाली, फांद्यांच्या आडोशाने, खोडाभोवती पोकळ खड्डा राहतो. त्यात डोकं खाली होऊन पडलेला माणूस स्वतः निघू शकत नाही. दोघांनी जा, एकमेकांच्या नजरेत राहा, झाडाकडे न बघता दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेकडे बघा. जिकडे नजर, तिकडेच बोर्ड जातो.

दुपारनंतरचा रवा

बारा वाजेपर्यंत तोच उतार दोन-तीनशे लोकांनी तुडवलेला असतो. मऊ ढीग, मध्येच कडक पट्टे, मध्येच कोणी पडल्याचा खड्डा. हलका, मऊ बोर्ड इथे उडवून देतो. फ्रीराइडचा ताठपणा इथेच उपयोगी पडतो. नाक ढिगातून आरपार जातं. गुडघे खोल वाकवा, बोर्डाला खाली-वर होऊ द्या, छाती मात्र एका उंचीवर राहिली पाहिजे. सिटीलिंकच्या बसमध्ये उभे असताना खड्ड्यांत आपण जे करतो, तेच. ढिगाच्या वर वळा, दोन ढिगांच्या मध्ये नको. ढगाळ दिवशी हे ढीग दिसतच नाहीत, म्हणून पिवळसर किंवा गुलाबी काचेचा गॉगल बरोबर ठेवा.

वाऱ्याचा बर्फ आणि चिरोटा

वारा बर्फाचे कण फोडतो आणि घट्ट बसवतो. तो बर्फ कधी खडूसारखा लागतो, पेन्सिल जेमतेम जाते, पण धार मस्त धरते. मला सगळ्यात आवडतो तो हाच. वेग सांभाळला तर फ्रीराइड बोर्ड इथे आगगाडीसारखा चालतो. पण खाली पोकळ असेल तर पाय टाकताच ढब असा आवाज येतो. तो आवाज आला की तिथे मजा नाही, धोका आहे. पुढे बोलतो त्यावर.

चिरोटा म्हणजे वर पापुद्रा, खाली मऊ. दिवसा उन्हाने वरचा थर वितळला, रात्री गोठला. तुमचं वजन पेलायचं की नाही हे त्याचं ठरलेलं नसतं. दोन वळणं पेलतो, तिसऱ्याला फुटतो, धार पापुद्र्याखाली अडकते आणि तुम्ही तोंडावर. माझे पुढचे दोन दात असेच हलले होते. इथे कुठलाच बोर्ड चांगला नाही, फ्रीराइड त्यातल्या त्यात कमी वाईट. दोन्ही पायांवर सारखं वजन, बोर्ड शक्य तितका सपाट, आडवं लांबवर जा. वळायची वेळ आली की गुडघ्यातून वर उठून बोर्ड हलका करा, फिरवा आणि दोन्ही पायांनी एकदम खाली बसवा. धार रुतवून वळायचा हट्ट करू नका. आणि सावलीतला उतार शोधा. ऊन लागलं नाही तिथे पापुद्रा नसतो. शंभर मीटर आडवं चालत गेलं तरी फायद्याचंच.

तासलेला उतार आणि खडीसाखर

मशीनने तासलेल्या उतारावर फारसं सांगण्यासारखं नाही. औलीला शिकायला जाल तर बहुतेक वेळ यावरच असाल. बाइंडिंग पुन्हा मूळ भोकांत आणा. वळण झालं की मागे वळून स्वतःची रेघ बघा. सुरीने कापल्यासारखी बारीक असेल तर धारेवर वळलात. झाडू मारल्यासारखी रुंद असेल तर घसरलात. घसरण्यात गैर काही नाही, फक्त आपण काय केलं ते कळलं पाहिजे.

खडीसाखर म्हणजे कडक, गोठलेला, कधी निळसर चमकणारा बर्फ. नाशिकमध्ये लावलेली धार इथे कामी येते. जोर लावून धार धरत नाही, दाब सारखा राहिला की धरते. टाचेकडून चवड्याकडे जाताना झटका देऊ नका. घोटा आणि गुडघा आत झुकवा, खांदे मात्र उताराच्या वर सरळ. घाबरलेला माणूस डोंगराकडे झुकतो, वजन धारेवरून निघून जातं आणि मग बोर्ड सुटतो. वळण लवकर संपवा. निळा पट्टा आलाच तर त्यावर काहीच करू नका. बोर्ड सपाट ठेवून आडवे सरका, पुढे पांढरा बर्फ आला की तिथे वळा. निळ्यावर वळायला जाऊन मनगटं मोडून घेतलेली दोन माणसं मी स्वतः गाडीत बसवली आहेत. मनगटाचे गार्ड घाला, दिसायला कसेही दिसोत.

अतिथंडीत, शून्याखाली पंधराच्या पुढे, ताजा बर्फसुद्धा वाळूसारखा खरखरतो. साधारण थंडीत बोर्ड आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा अतिबारीक थर तयार होतो आणि त्यावर आपण घसरतो. कडाक्यात तो पुरेसा बनत नाही, वर कणांची टोकं धारदार असतात. बोर्ड खराब आहे असं वाटतं. नसतो. मेण चुकलेलं असतं.

मार्चमधला साबुदाणा आणि गोळा

फेब्रुवारी संपताना दिवसा वितळणं आणि रात्री गोठणं रोज घडतं आणि बर्फाचे गोल दाणे होतात. सकाळी आठला दगडासारखा उतार, दहा-साडेदहाला वरचा इंच-दोन इंच मोकळा, साबुदाण्यासारखा. तासभर, फार तर दीड तास, त्याच्यासारखं सुख नाही. धार अलगद बसते, पडलं तर लागत नाही. पूर्वेकडे तोंड असलेले उतार आधी पिकतात, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे. म्हणजे उन्हाच्या मागे-मागे डोंगराभोवती फिरायचं. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की उतार सोडा.

मग उरतो गोळ्याचा बर्फ. पाणी तळाला चिकटतं, बोर्ड खेचल्यासारखा थांबतो. मऊ मेण, थोडं वजन मागे, पाय घट्ट. सावलीतून उन्हात शिरताना सावध राहा. सावलीत तुम्ही वेगात असता, उन्हात बोर्ड अचानक थांबतो, तुम्ही थांबत नाही.

ज्याबद्दल लोक नंतर बघू म्हणतात

हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. दुर्दैवाने फ्रीराइडला मजा येते तीही त्याच उतारांवर. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. अंजनेरीला किंवा ब्रह्मगिरीला जाल तेव्हा काठी उतारावर टेकवून तिच्यावर फोन ठेवा आणि आधी डोळ्याने अंदाज करा. ३० अंश आपल्याला वाटतो त्याहून उभा असतो. नजर तयार व्हायला दोन-तीन ट्रेक लागतात.

निफाडकडच्या द्राक्षवाल्यांना हा पुढचा भाग समजावून सांगावा लागत नाही. थंडीच्या लाटेत पहाटे हवेतली वाफ पानांवर थेट गोठून पांढरी नाजूक पिसं दिसतात, तशीच पिसं निरभ्र, शांत रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर उगवतात. त्यावर नवा बर्फ पडला की ती पिसं खाली गाडली जातात, पण मोडत नाहीत. पत्त्यांच्या बंगल्यावर गोणी ठेवावी तसं. वर बोर्ड गेला की तो थर कोसळतो आणि वरची लादी घसरते. म्हणून लांब कोरड्या काळानंतर एकदम मोठा बर्फ पडला की पहिले एक-दोन दिवस उभ्या उतारांपासून लांब राहा. पायाखाली ढब झालं, बर्फात तडा धावताना दिसला, शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर आल्या वाटेने परत.

गुलमर्गला आखलेल्या हद्दीतला भाग गस्तीचं पथक तपासतं. दोरी ओलांडली की तुम्ही आणि डोंगर. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. दोरीपलीकडे जायचं तर स्थानिक गाइड हवाच आणि प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं. तिघांत एक सेट म्हणजे शून्य सेट. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने घटते. खालून मदत येईपर्यंत ही वेळ संपलेली असते. काढणारे तुम्हीच. म्हणून नाशिकमध्ये सराव करा. आम्ही गोदावरीच्या वाळूत ट्रान्सीव्हर पुरून एकमेकांना शोधायला लावतो. येणारे-जाणारे काय हरवलं म्हणून विचारतात आणि मदतीला उभे राहतात.

परत आल्यावर

बोर्ड पिशवीतून त्याच दिवशी काढा. ओल्या पिशवीत दोन दिवस राहिला की धारेवर तांबूस ठिपके येतात. कोरड्या फडक्याने पुसा, धारेवर मशीनचं तेल एक बोट फिरवा. मग तळाला मेणाचा जाड थर द्या, धारेवरही येऊ द्या, आणि या वेळी तो तासू नका. तसाच पावसाळा काढू द्या. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा नाही, आत घाम धरतो. गॅलरीच्या उन्हात ठेवायचा नाही. बाइंडिंगचे स्क्रू अर्धा फेरा सैल करा, आणि तो तीन नंबरचा बिट जाकिटाच्या त्याच खिशात परत ठेवा.